अश्वप्रदर्शनातील वर्ग आणि त्यांचे निकष

अश्वप्रदर्शन प्रथमच पाहावयास गेलेला प्रेक्षक बहुधा गोंधळून परततो. एका मैदानात घोडे रंगीत दांड्यांवरून उड्या घेत असतात. शेजारच्या मैदानात एक स्वार एकटाच, कोणाशीही स्पर्धा करीत नसल्यासारखा, संथपणे वर्तुळे काढीत असतो. तिसऱ्या ठिकाणी दहाबारा घोडे ओळीने नुसते उभे असतात आणि एक गृहस्थ वाकून त्यांच्या पायांवरून हात फिरवून पाहतात. ध्वनिक्षेपकावर नावे पुकारली जातात, रंगीत फिती वाटल्या जातात. ज्या घोड्यावर प्रेक्षकाची नजर खिळली होती तो सहावा येतो. ज्याने एकही दांडी पाडली नाही तो पहिल्या तिघांतही नसतो. निकालात काही काळेबेरे असावे, अशी शंका मनात घेऊन प्रेक्षक घरी जातो.

ही शंका बहुतेक वेळा निराधार असते. प्रदर्शनातील प्रत्येक स्पर्धेत घोड्याला एक निराळा प्रश्न विचारलेला असतो, आणि तो प्रश्न कोणता हे ठाऊक नसेल तर उत्तर बरोबर आले की चुकले हे कळण्यास मार्ग उरत नाही. धावण्याच्या शर्यतीत असे होत नाही. तेथे जो पुढे तो जिंकला, हे लहान मुलालाही दिसते. अश्वप्रदर्शनात मात्र नियमपुस्तक वाचल्याशिवाय डोळ्यांना दिसत असलेल्या गोष्टीचाही अर्थ लागत नाही.

या स्पर्धांना इंग्रजीत 'क्लास' म्हणतात. मराठीत त्यास 'वर्ग' म्हणण्यावाचून गत्यंतर नाही, मात्र शाळेतील वर्ग येथे अभिप्रेत नाही. समान अटी पुऱ्या करणारे घोडे व स्वार ज्यात उतरतात आणि एकाच निकषावर ज्यांची तुलना होते, तो एक वर्ग. अट घोड्याच्या वयाची असेल, अनुभवाची असेल, जातीची असेल, स्वाराच्या वयाची असेल किंवा केवळ उंचीची असेल. घोड्याची उंची मानेच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यापर्यंत मोजतात आणि जुन्या पद्धतीप्रमाणे ती 'हात' या मापात सांगतात. हा हात आपला कोपरापासूनचा नव्हे. तो पंजाची रुंदी, म्हणजे चार इंच. १४८ सेंटिमीटर हे आंतरराष्ट्रीय नियमांतील तट्टू आणि घोडा यांच्यामधील सीमारेषेचे माप आहे. अशा अटींमुळेच एकाच दिवशी एकाच मैदानात आठ वर्षांची मुलगी आपल्या तट्टावर आणि लष्करातील अनुभवी अधिकारी आपल्या उंचापुऱ्या घोड्यावर, दोघेही आपापल्या वर्गात पहिले येऊ शकतात.

सर्वांत सोपा समजण्यास, आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय, असा वर्ग म्हणजे शो जंपिंग, अर्थात अडथळ्यांवरून उड्या. येथे परीक्षकाच्या रुचीला जवळजवळ वाव नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दांडी पडली तर चार दंडगुण. घोडा अडथळ्यापुढे अडून राहिला तर प्रथम चार दंडगुण आणि दुसऱ्यांदा अडला तर बाद. स्वार पडला तरी बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ लागला तर त्याचा दंड वेगळा. उडी किती डौलदार होती याची कोणी दखल घेत नाही. घोड्याच्या खुराने दांडी खडखडली, उथळ कपात डोलली, आणि पुन्हा स्थिर झाली तर प्रेक्षक श्वास रोखून धरतात; पण गुणपत्रिकेवर त्या खडखडाटाची नोंद शून्यच. दांडी पडली तरच ती पडली.

एवढ्यावरून हा ताकदीचा खेळ आहे अशी समजूत होते. ती अर्धीच खरी आहे. स्पर्धेपूर्वी स्वार पायी मैदानात उतरून अडथळ्यांमधील अंतरे पावलांनी मोजताना दिसतात. खरी स्पर्धा तेथेच सुरू होते. दौडीतील घोड्याची एक झेप साधारणतः साडेतीन मीटरांची असते. दोन अडथळ्यांमधील अंतर पाच झेपांचे की साडेपाचांचे, यावर सारे अवलंबून. साडेपाच असेल तर झेपा आखडून सहा करावयाच्या की लांबवून पाच, हे स्वाराने आधीच ठरवावे लागते, आणि आपल्या घोड्याचा स्वभाव ओळखून ठरवावे लागते. अडथळे मांडणारा तज्ज्ञ हाच प्रश्न घालीत असतो. उंच उभा अडथळा घोड्याकडून सावधपणा मागतो. दोन समांतर दांड्यांचा रुंद अडथळा मोकळी, लांब झेप मागतो. एकापाठोपाठ दुसरा आला की घोड्याला क्षणात वृत्ती बदलावी लागते. बिनचूक फेरी करणारे अनेक निघाले तर त्यांच्यात कमी अडथळ्यांची पण घड्याळाशी झुंजणारी आणखी एक फेरी होते. दांडी न पाडणारा घोडा पहिल्या तिघांत का नव्हता, याचे उत्तर बहुधा या दुसऱ्या फेरीत सापडते.

याच कुळातील काही वर्ग केवळ उंचीचे असतात. एका भिंतीवरून घोडे उडी घेतात, प्रत्येक फेरीला भिंत वाढत जाते, आणि अखेरीस एकदोनच उरतात. उंच उडीचा जागतिक विक्रम चिली देशातील आल्बेर्तो लार्रागिबेल या लष्करी अधिकाऱ्याने ५ फेब्रुवारी १९४९ रोजी हुआसो नावाच्या घोड्यावरून २.४७ मीटर उडी मारून केला आणि तो अद्याप अबाधित आहे. लांब उडीची हकीकत मात्र जरा गमतीची आहे. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये घोड्यांची लांब उडी ठेवली होती व तिचा विजेता ६.१० मीटरच गेला. त्याच ऑलिंपिकमध्ये दोन पायांच्या विजेत्याने सात मीटरांहून अधिक लांब उडी मारली होती. घोड्यांची ही स्पर्धा ऑलिंपिकमध्ये पुन्हा झाली नाही, यात नवल नाही.

आज अडथळ्यावर स्वार ज्या पद्धतीने पुढे झुकतो ती फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उडी घेताना स्वार लांब रिकिबीत पाय ताणून मागे रेलत असे. त्यामुळे घोड्याच्या पुढच्या पायांवरील भार कमी होतो, अशी समजूत होती. फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) या इटालियन घोडदळाच्या अधिकाऱ्याने मोकळे घोडे उड्या कशा घेतात याचे निरीक्षण केले आणि त्याच्या लक्षात आले की मागे रेललेला स्वार घोड्याच्या पाठीवर आपटतो आणि लगाम ओढून त्याचे तोंड दुखवितो. त्याने रिकिबी आखूड केल्या आणि स्वाराला घोड्याच्या हालचालीबरोबर पुढे नेले. बदल लहान, पण त्याने सारा खेळ बदलला. कारण तोवर घोड्याला उडीबरोबरच स्वाराशीही लढावे लागत असे.

आता उड्यांचाच दुसरा वर्ग पाहा: हंटर. घोडे तेच, अडथळेही वरवर तसेच, प्रश्न मात्र निराळा. शिकारी कुत्र्यांमागे दिवसभर शेतांतून, कुंपणांवरून जावयाचे तर घोडा कसा हवा? तो शांत हवा, एका लयीत चालणारा हवा, कुंपण समोर आले तरी वेग न बदलणारा आणि पाठीला सुरेख कमान देऊन उडी घेणारा हवा. अमेरिकेत हंटर वर्गात परीक्षक नेमके हेच पाहतात. येथे अगदी वेगाने, कान मागे टाकून, शेपूट फटकारीत बिनचूक फेरी पुरी करणारा घोडा मागे राहील, आणि त्याचा धनी शो जंपिंगच्या मैदानात मात्र करंडक घेऊन जाईल. ब्रिटनमध्ये हंटर आणि हॅक या वर्गांची रीत आणखी वेगळी आहे. हॅक म्हणजे उद्यानातून रपेट करण्यास योग्य असा सुखद, देखणा घोडा. तेथे परीक्षक केवळ पाहून थांबत नाहीत. ते स्वतः एकेका घोड्यावर बसतात. अनोळखी माणूस पाठीवर आल्यावर जो घोडा कानही हलवीत नाही आणि सूचना मिळताच लोण्यासारखा पुढे सरकतो, त्याच्या बाजूने निकाल झुकतो. कुंपणाबाहेरून हा सुखदपणा कसा दिसणार? प्रेक्षक आणि परीक्षक यांच्या मतांतील फरकाचे हे एक अगदी प्रामाणिक कारण आहे.

याच्या उलट इक्विटेशनच्या वर्गात घोड्याला गुणच नसतात. तेथे स्वाराची बैठक, हात, नजर, त्याच्या सूचनांचा सूक्ष्मपणा यांची परीक्षा होते. साध्या तट्टावर बसलेला विद्यार्थी किमती घोड्यावरील धनिकपुत्राला येथे मागे टाकू शकतो, आणि म्हणूनच शिकविणाऱ्यांच्या दृष्टीने हा वर्ग मोलाचा आहे. काही ठिकाणी तर नीटनेटकेपणाचाही वर्ग असतो. त्यात खरारा, गुंफलेली आयाळ, घासलेले नाल आणि चकचकीत खोगीर यांना गुण मिळतात. फीत स्वाराच्या हाती पडत असली तरी ती मोतद्दाराची असते, हे सारी पागा जाणून असते.

आता त्या एकट्या, संथ वर्तुळे काढणाऱ्या स्वाराकडे वळू. त्याचा वर्ग ड्रेसेज. हा मूळ फ्रेंच शब्द शिक्षण या अर्थाचा आहे. साठ मीटर लांब व वीस मीटर रुंद मैदानाच्या कडेला रोमन अक्षरे लावलेली असतात. 'ए' पाशी प्रवेश, त्याच्या समोरच्या टोकाला 'सी' पाशी मुख्य परीक्षक. अक्षरांचा क्रम वर्णमालेप्रमाणे नसतो आणि नवशिक्याला तो पाठच करावा लागतो. अमुक अक्षरापाशी दुडकी थांबवून कदम चाल, तमुक अक्षरापासून वर्तुळ, मध्यभागी येऊन स्तब्ध उभे राहणे, अशी हालचालींची मालिका ठरलेली असते आणि प्रत्येक हालचालीस शून्य ते दहा गुण दिले जातात. उच्च पातळीवर घोडा जागच्या जागी दुडकी करतो, तिरका सरकताना पाय एकमेकांवरून टाकतो, दौडीत प्रत्येक झेपेला पुढचा पाय बदलतो. पाहणाऱ्याला वाटते, घोडा आपणहोऊन नाचतो आहे. तसे वाटावे हीच या वर्गाची कसोटी. स्वाराचा पाय किंवा हात हलताना दिसला की तेवढ्यापुरते गुण उणे झाले असे समजावे.

ड्रेसेजचा उगम घोडदळाच्या आणि राजदरबारांच्या अश्वशाळांत आहे, आणि दीर्घकाळ तो अधिकारीवर्गाचा मक्ता होता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसेजचे सांघिक सुवर्णपदक मिळविले. त्या काळी या स्पर्धेत केवळ कमिशनप्राप्त अधिकारी आणि हौशी नागरिक यांनाच प्रवेश होता. संघातील गेनाल पेर्सोन हा वस्तुतः सार्जंट होता. स्पर्धेपुरती त्याला लेफ्टनंटची बढती दिली गेली आणि नंतर थोड्याच दिवसांत ती काढून घेतली गेली. हे उघडकीस येताच १९४९ मध्ये स्वीडनचे पदक रद्द होऊन फ्रान्सला देण्यात आले. घोडा तोच, स्वार तोच, गुण तेच. उणे होते ते केवळ खांद्यावरील चिन्ह. या प्रकरणानंतर नियम शिथिल झाले. १९५२ साली हेलसिंकीला पेर्सोन आपल्या हुद्द्यासकट उतरला व स्वीडनने पुन्हा सांघिक सुवर्णपदक जिंकले. त्याच वर्षी ड्रेसेजमध्ये स्त्रियांनाही प्रवेश मिळाला, आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांनी वैयक्तिक रौप्यपदक मिळविले. पोलिओमुळे त्यांचे गुडघ्यांखालील पाय लुळे पडले होते. घोड्यावर चढण्या-उतरण्यास त्यांना दुसऱ्याचा आधार लागे. एकदा खोगिरात बसल्यावर मात्र पाठीच्या आणि मांड्यांच्या सूचनांवर त्यांची घोडी चाले. ड्रेसेज म्हणजे काय, हे याहून स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. ऑलिंपिकमध्ये आज या खेळात स्त्री-पुरुषांचे वर्ग वेगळे नाहीत. दोघे एकाच निकषावर उतरतात.

भारतात ड्रेसेजकडे बराच काळ लष्करी प्रशिक्षणाचा एक भाग म्हणूनच पाहिले गेले. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत मात्र अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग व सुदीप्ती हाजेला या चौघांनी सांघिक सुवर्णपदक मिळविले. आशियाई स्पर्धांतील अश्वारोहणात भारताला एकेचाळीस वर्षांनी मिळालेले हे सुवर्ण होते. चौघेही नागरी स्वार. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अनुष अगरवाला यांनी ड्रेसेजमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले.

एकेचाळीस वर्षांपूर्वीचे सुवर्ण १९८२ च्या दिल्ली एशियाडमधले. आशियाई स्पर्धांत अश्वारोहणाचा समावेश तेव्हा प्रथमच झाला होता. रघुवीर सिंह यांनी इव्हेंटिंगमध्ये वैयक्तिक सुवर्णपदक पटकावले आणि भारतीय संघानेही सांघिक सुवर्ण जिंकले. इव्हेंटिंग ही घोडदळाच्या घोड्याची सर्वांगीण परीक्षा. पहिल्या दिवशी ड्रेसेज, म्हणजे आज्ञाधारकपणा. दुसऱ्या दिवशी क्रॉस कंट्री: उघड्या मैदानातून, चढउतारांवरून, पाण्यातून, न पडणाऱ्या भक्कम लाकडी अडथळ्यांवरून काही किलोमीटरांची भरधाव दौड, म्हणजे धैर्य आणि दम. शेवटी उड्यांची फेरी. कालच्या थकव्यानंतरही घोडा लवचिक व सावध आहे की नाही हे पाहण्यासाठी. त्या फेरीपूर्वी पशुवैद्य प्रत्येक घोड्याला कठीण जमिनीवर दुडकत चालवून बघतात, आणि जो लंगडतो त्याची स्पर्धा तेथेच संपते. गुण उलटे मोजले जातात; ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो विजेता. क्रॉस कंट्रीत घोडा अडला तर वीस दंडगुण आणि ठरलेल्या वेळेनंतरच्या प्रत्येक सेकंदाला शून्य दशांश चार. या हिशेबात एक जीवघेणे आमिष दडलेले आहे, कारण वेळ वाचविण्यासाठी स्वार थकलेल्या घोड्याला न पडणाऱ्या अडथळ्यावर घालण्याचा मोह धरतो. घोड्याचे पुढचे पाय अडकून तो कोलांटी खात स्वारावर पडला तर दोघांच्याही जिवावर बेतते, आणि तसे अनेकदा घडलेले आहे. म्हणून आता काही अडथळ्यांना विशिष्ट जोराखाली सुटणाऱ्या खिळी बसविल्या जातात. ती खीळ सुटली तर अकरा दंडगुण होतात, पण जीव वाचतो. २०१८ च्या जकार्ता स्पर्धांत फवाद मिर्झा यांनी याच प्रकारात वैयक्तिक रौप्यपदक मिळविले आणि सांघिक रौप्यपदकातही त्यांचा वाटा होता. २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ते अंतिम फेरीपर्यंत गेले.

दिल्लीच्या त्याच १९८२ च्या स्पर्धांत तिसरे सुवर्ण रूपिंदर सिंग ब्रार यांनी टेंट पेगिंगमध्ये मिळविले. भरधाव घोड्यावरून भाल्याने जमिनीतील लाकडी मेख उचलणे हा हा खेळ. पहाटे शत्रूच्या छावणीत घुसून तंबूंच्या मेखा उपटण्याच्या युक्तीतून तो जन्मला अशी एक कथा आहे. हत्तीच्या पायाच्या नखांवर नेम धरण्याच्या सरावातून जन्मला, अशी दुसरी. दोन्ही कथा ऐकाव्या आणि सोडून द्याव्या. मेख नुसती टोचली तर थोडे गुण, जमिनीतून उपटली तर अधिक, आणि भाल्याच्या टोकावर खोचलेली मेख ठरावीक अंतरापर्यंत नेली तर पूर्ण गुण. एकट्याचा वर्ग असतो, तसाच चौघांनी एका ओळीत धावण्याचाही असतो. कधी भाल्याऐवजी तलवार असते, कधी टांगलेले लिंबू कापावयाचे असते. भारतीय प्रदर्शनांत सर्वांत मोठी गर्दी येथे होते. नियम समजावून सांगण्याची गरज नाही, धूळ उडते, आणि मेख वर आली की साऱ्यांना दिसते. या विद्येचा मोठा आधार अजूनही सैन्य आणि पोलिस दलांच्या पागा हाच आहे. संस्थानांच्या घोडदळांतून १९५३ मध्ये उभारलेल्या व पुढे ६१ वे घोडदळ म्हणून ओळखल्या गेलेल्या पथकाचा या परंपरेत मोठा वाटा आहे.

जिमखान्याचा वर्ग येथे थोडक्यात आटोपू, पण शब्दाची गंमत सांगितल्याशिवाय नको. मराठी वाचकाला जिमखाना म्हटले की क्रिकेटचे मैदान आणि सभासदांची वर्गणी आठवते. हा शब्द हिंदुस्थानातच घडला. इंग्रजांनी तो मायदेशी नेला, आणि तेथे त्याचा अर्थ झाला तट्टांवरचे खेळ: खांबांमधून नागमोडी धाव, चमच्यातील अंडे सांभाळीत शर्यत, संगीत थांबताच उतरून जागा पकडणे. खेळ मुलांचे, पण शंभर चांगले स्वार येथूनच तयार होतात. पल्ल्याच्या शर्यतीचा वर्ग, ज्याला एंड्युरन्स म्हणतात, त्याचे एक वैशिष्ट्य मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. सर्वांत मोठा पल्ला १६० किलोमीटरांचा असतो व तो टप्प्याटप्प्याने पुरा करावयाचा असतो. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य घोड्याची नाडी तपासतात. ठरलेल्या मिनिटांत ती चौसष्टाच्या आसपासच्या मर्यादेत आली नाही तर घोडा पुढे जाऊ शकत नाही, मग तो सर्वांच्या आधी पोहोचलेला का असेना.

शेवटी तो ओळीने उभ्या असलेल्या घोड्यांचा वर्ग. येथे खोगीर नाही, स्वार नाही. मोतद्दार लगाम धरून घोडा उभा करतो, चालवतो, दुडकवतो, आणि परीक्षक त्याची ठेवण पाहतात: खांद्याचा उतार, पाठीची लांबी, गुडघ्याखालील हाडाची जाडी, खुरांचा आकार, चालताना पाय सरळ पडतात की आतबाहेर फिरतात. सामान्य प्रेक्षकाला हा वर्ग सर्वांत कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते परिणामांच्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर आहे. उड्यांच्या वर्गात चुकीचा निकाल लागला तर एका स्वाराचे नुकसान होते. येथे चुकीचा निकाल लागला तर ती चूक पुढच्या पिढीतील शिंगरांच्या हाडांत उतरते, कारण ज्या वळूला फीत मिळते त्याच्याकडे लोक आपल्या घोड्या नेतात. परीक्षक जे मागतात ते पैदासकार पुरवितात.

आणि कधी कधी ते अघोरी मार्गानेही पुरवितात. अमेरिकेत टेनेसी वॉकिंग जातीच्या घोड्यांच्या वर्गात पुढचे पाय अतिशय उंच उचलून टाकणाऱ्या चालीला बक्षिसे मिळू लागली. मग तशी चाल यावी म्हणून काही प्रशिक्षकांनी घोड्यांच्या खुरांच्या वरच्या भागाला दाहक रसायने लावून तेथील कातडी मुद्दाम दुखरी केली. पाय जमिनीला टेकताच वेदना व्हावी व घोड्याने तो झटक्याने वर घ्यावा, हा हेतू. हे थांबविण्यासाठी १९७० साली अमेरिकी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्यानंतरही हा प्रकार समूळ नाहीसा झाला नाही. प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते ती वेदनेची चाल होती.

आपल्याकडील जातींच्या वर्गांना हा इशारा लागू आहे. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे आत वळलेले, टोकाशी एकमेकांना भिडणारे कान जगभर प्रसिद्ध आहेत. मेळ्यांत त्यांची चर्चा होते, अंगावरील भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरते, चार पाय व कपाळ पांढरे असलेल्या पंचकल्याणीला मागणी असते. यात परंपरेचे सौंदर्य आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु वाळवंटात दूरवर चालण्याची ताकद, मारवाडी घोड्याची स्वाराला न हिंदकळविणारी रेवाल चाल, पायांचा कणखरपणा हे गुण कानांच्या मापात दिसत नाहीत. लडाखच्या झंस्कारी आणि हिमाचलच्या स्पिती तट्टाला विरळ हवेत ओझे वाहता येते. मणिपुरी तट्टू पोलोसाठी नावाजलेले. या सर्वांना एकाच आखाड्यात उभे करून 'देखणा कोण' एवढेच विचारले, तर ज्यासाठी ती जात घडली तेच हरवून जाण्याची भीती आहे.

भीमथडीच्या तट्टाच्या बाबतीत हा प्रश्न आता प्रत्यक्ष समोर उभा आहे. भीमेच्या थडीवरचे हे काटक जनावर मराठ्यांच्या घोडदळात होते, हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. पण स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय नोंद २०२४ साली जाहीर झालेल्या यादीतच झाली. नोंद झाली की वर्ग येतात, वर्ग आले की फिती येतात. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या घोडेबाजारात उंच, झळझळीत, नाचऱ्या घोड्याभोवती गर्दी जमते. ठेंगण्या तट्टाकडे कोणी सहसा वळून पाहत नाही. उद्या भीमथडीच्या वर्गासाठी नियम लिहिताना उंचीला गुण दिले, तर थोड्याच पिढ्यांत उंच भीमथडी मिळतील, आणि ती भीमथडी नसतील.

हे तट्टू ज्यांनी जपले त्या धनगरांकडे पाहिले तर दुसऱ्या प्रकारचे नियम सुचतात. पावसाळा सरल्यावर मेंढरांमागे महिनोन्‌महिने चालणाऱ्या या लोकांचा सारा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो: भांडी, घोंगड्या, नुकती जन्मलेली कोकरे, खुराड्यातील कोंबड्या. वर्गात उतरणाऱ्या तट्टाच्या पाठीवर तेवढेच ओझे बांधावे, माळरानावरून दिवसभराच्या मजलेइतके चालवावे, आणि संध्याकाळी मुक्कामावर पोहोचल्यावर, एंड्युरन्सच्या वर्गात करतात तशी, पशुवैद्याने त्याची नाडी तपासावी. सकाळी पुन्हा पाहावे की तट्टू लंगडत नाही ना. त्यानंतर ज्यांना हवे त्यांनी त्याचे कान पाहावेत.